अमेरिकेत मानसशास्त्राची डॉक्टरेट करायची आहे: आधी प्रोफेशनल स्कूलमधून मास्टर्स करावं का?

मुंबई, पुणे किंवा नागपूरला मानसशास्त्रात बीए-एमए करून अमेरिकेत क्लिनिकल सायकॉलॉजीच्या डॉक्टरेटला अर्ज केला आणि सगळीकडून नकार आला, की बहुतेकांना एकच सल्ला मिळतो: तिथल्या एखाद्या प्रोफेशनल स्कूलमध्ये (म्हणजे मुख्यतः उपचारक घडवणाऱ्या, बहुधा फीवर चालणाऱ्या संस्थेत) आधी मास्टर्स करून घे, मग डॉक्टरेटला सहज घेतील. प्रवेश खरोखर सहज मिळतो, आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी संस्था देते तो कागद) येतो, व्हिसाही होतो. दोन वर्षांनी मात्र अनेकांच्या लक्षात येतं की कर्ज वाढलं, पण पीएचडीचा अर्ज जवळजवळ होता तिथेच आहे.

नेमकं उत्तर असं: अशा पदवीचा सायडीच्या (PsyD, उपचारकाच्या कामावर भर देणारी डॉक्टरेट) प्रवेशाला थोडाफार उपयोग होतो, पीएचडीच्या प्रवेशाला फारच कमी. जो होतो तो पदवीच्या नावामुळे होत नाही. त्या दोन वर्षांत तुम्ही किती संशोधन केलं, कुणासोबत केलं आणि त्याबद्दल कोण लिहून देतं, यावर तो ठरतो. प्रोफेशनल स्कूलची रचनाच अशी असते की या तीन गोष्टी तिथे आपोआप मिळत नाहीत, मुद्दाम मिळवाव्या लागतात.

पायरी १: पीएचडी की सायडी, हे आधी ठरवा

अमेरिकेत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायला दोन मुख्य मार्ग आहेत. १९४९ साली बोल्डर इथे झालेल्या परिषदेनंतर ‘आधी शास्त्रज्ञ, मग उपचारक’ अशा घडणीची पीएचडी रूढ झाली. पुढे केवळ उपचारकाच्या कामावर भर देणारी पदवी हवी अशी मागणी वाढली. इलिनॉय विद्यापीठाने १९६८ मध्ये पहिला सायडी अभ्यासक्रम सुरू केला, पुढच्याच वर्षी कॅलिफोर्निया स्कूल ऑफ प्रोफेशनल सायकॉलॉजी निघालं आणि १९७३ च्या व्हेल परिषदेने या वाटेला मान्यता दिली. प्रोफेशनल स्कूल म्हणजे याच परंपरेतली संस्था. बऱ्याचशा स्वतंत्र आहेत, फीवर चालतात आणि एकेका तुकडीत पुष्कळ विद्यार्थी घेतात. सगळ्यांना एकाच मापाने मोजू मात्र नका. रट्गर्ससारख्या विद्यापीठातलं प्रोफेशनल स्कूल १९७४ पासून चालू आहे आणि तिथला प्रवेश कठीण आहे. नावात ‘प्रोफेशनल’ आहे एवढ्यावरून दर्जा कळत नाही.

विद्यापीठातल्या क्लिनिकल पीएचडीला शेकडो अर्ज येतात आणि जागा साधारण ५ ते १० असतात. फी बहुधा माफ असते, वर स्टायपेंड मिळतो. शेवटच्या वर्षाची इंटर्नशिप धरून ५ ते ७ वर्षं लागतात. सायडीला, विशेषतः प्रोफेशनल स्कूलमध्ये, प्रवेशाचं प्रमाण खूप जास्त असतं, पण फी बहुतांशी स्वतः भरावी लागते. रुग्णांसोबत काम करायचं असेल तर दोन्ही पदव्यांनी परवाना मिळतो. त्यासाठीची इपीपीपी ही परीक्षाही एकच आहे.

प्राध्यापक किंवा संशोधक व्हायचं असेल, किंवा फी परवडत नसेल, तर तुमचं लक्ष्य पीएचडी. मग प्रोफेशनल स्कूलचं मास्टर्स हा सगळ्यात महागडा आणि सगळ्यात कमी उपयोगाचा मार्ग ठरतो.

पायरी २: पीएचडीची निवड कशी होते, हे समजून घ्या

आपल्याकडे प्रवेश म्हणजे गुणवत्ता यादी. तिथल्या बहुतेक क्लिनिकल पीएचडीत यादी नसते. अर्ज एका प्राध्यापकाच्या नावाने जातो आणि त्या वर्षी तो एक विद्यार्थी घेतो, फार तर दोन. त्याच्या मनात प्रश्न असतो: पुढची पाच वर्षं माझ्या लॅबमध्ये कोण काम करू शकेल? विदा (डेटा) गोळा करणं, स्वच्छ करणं, आर किंवा एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये विश्लेषण करणं, शोधनिबंधाचा मसुदा लिहिणं, नैतिक समितीची परवानगी काढणं, यातलं काय या मुलाने किंवा मुलीने आधी केलं आहे?

प्रोफेशनल स्कूलच्या मास्टर्सचा अभ्यासक्रम या चष्म्यातून बघा. समुपदेशनाची तंत्रं, निदान, नीतिशास्त्र, आंतरसांस्कृतिक समुपदेशन, प्रॅक्टिकम (देखरेखीखाली रुग्णांसोबतचं प्रत्यक्ष काम). उपचारकासाठी हे सगळं मोलाचं आहे. पण संख्याशास्त्राचा एखादाच पेपर असतो, प्रबंधाच्या जागी कॅपस्टोन (अभ्यासक्रमाच्या शेवटी करायचा छोटा) प्रकल्प असतो, आणि शिकवणाऱ्यांत स्वतःची प्रॅक्टिस सांभाळून तासाला येणारे पुष्कळ असतात. त्यांच्याकडे लॅब नसते, म्हणून त्यांना संशोधन सहायकही लागत नाही.

गुणांचंही तसंच. मास्टर्सला बहुतेकांना ए मिळतो आणि बी म्हणजे कमी असं वाचलं जातं. म्हणून ४ पैकी ३.९ सरासरी असूनही निवड समिती फारशी हलत नाही. ती पदवीचे गुण, संशोधनाचा अनुभव आणि शिफारसपत्रं यांच्याकडे वळते. प्रवेश फार सोपा असलेल्या संस्थेतले गुण आणखी सावधपणे वाचले जातात. हे काही वेळा अन्यायाचं असतं, पण असंच घडतं, आणि अर्ज करणाऱ्याने ते धरून चालावं.

‘मास्टर्स झालं की पीएचडी दोन वर्षांनी कमी होते’ ही समजूत सोडून द्या. बरीच पीएचडी खाती बाहेरचे क्रेडिट फार थोडे धरतात किंवा धरतच नाहीत. काही पेपर माफ होतात, क्वचित एखादं वर्ष वाचतं. ज्यांनी प्रबंध लिहिला नाही त्यांना तिथे मास्टर्सचा प्रबंध पुन्हा करावा लागतो. प्रॅक्टिकमचे तास इंटर्नशिपच्या अर्जात दाखवता येतात, पण डॉक्टरेटमधल्या तासांची जागा ते घेत नाहीत.

पायरी ३: तुम्ही कोणत्या गटात बसता ते पाहा

पुढील परिस्थितीत मास्टर्सचा खरा फायदा होतो.

पदवीचे गुण कमी आहेत. दुसऱ्या वर्षाला गाडी घसरली, टक्के पन्नाशीत राहिले, तर नंतरचा चांगला शैक्षणिक पुरावा लागतोच. तो संशोधनावर भर देणाऱ्या मास्टर्समधून आला तर सगळ्यात जास्त पटतो.

विषय बदलला आहे. बीकॉम किंवा इंजिनीअरिंग करून मानसशास्त्राकडे येणाऱ्याला संख्याशास्त्र, संशोधनपद्धती, अपसामान्य मानसशास्त्र असे पायाचे पेपर हवेत. त्यासाठी पूर्ण मास्टर्सच लागतं असं नाही. कधी चार-पाच पेपर वेगळे केले तरी भागतं.

पदवी तीन वर्षांची आहे. अमेरिकेतली काही विद्यापीठं आपल्या तीन वर्षांच्या बीएला त्यांच्या चार वर्षांच्या पदवीइतकं धरत नाहीत. पण तुम्ही मुंबई किंवा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून एमए केलं असेल तर ही अडचण बहुतेक ठिकाणी तिथेच संपते. केवळ एवढ्यासाठी अमेरिकेत दुसरं मास्टर्स करायची गरज नाही. आधी डब्ल्यूईएससारख्या संस्थेकडून गुणपत्रिकांचं मूल्यांकन करून घ्या आणि प्रत्येक खात्याचा नियम वाचा. टक्क्यांचं जीपीए स्वतः काढून लिहू नका. अर्जात मूळ पद्धतीचे गुण मागितले असतील तर तेच द्या.

डॉक्टरेट नाही मिळाली तरी उपचारक व्हायचंच आहे. इथे प्रोफेशनल स्कूलची बाजू भक्कम आहे. समुपदेशक किंवा विवाह-कुटुंब उपचारक म्हणून मास्टर्सच्या पातळीवरचा परवाना मिळतो. कॅलिफोर्नियात विवाह-कुटुंब उपचारकाला देखरेखीखाली ३,००० तास भरावे लागतात. इतर राज्यांचे आकडे वेगळे आहेत आणि बऱ्याच ठिकाणी ६० सेमिस्टर-क्रेडिटचा अभ्यासक्रम लागतो. ४८ क्रेडिटचं मास्टर्स निवडून नंतर पस्तावू नका. ‘सायकॉलॉजिस्ट’ हे नाव लावायला मात्र जवळपास सगळीकडे डॉक्टरेटच हवी.

त्याच संस्थेच्या सायडीला जायचं आहे. तिथे मास्टर्सचा थेट उपयोग होतो: प्राध्यापक ओळखीचे असतात, काही क्रेडिट धरले जातात, काही ठिकाणी वरच्या टप्प्यावर प्रवेश मिळतो. मात्र सायडीला थेट पदवीनंतरही अर्ज करता येतो. तेव्हा आधी तो करून पाहा. मास्टर्सची फी वाचेल.

पायरी ४: संस्था तपासा

मान्यतेचे दोन प्रकार असतात आणि घोटाळा इथेच होतो. एक संस्थेची मान्यता, दुसरी अभ्यासक्रमाची. जाहिरातीत ‘पूर्ण मान्यताप्राप्त’ लिहिलेलं असतं ते बहुधा पहिल्या प्रकाराबद्दल. डॉक्टरेटसाठी अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची, म्हणजे एपीएची, अभ्यासक्रमाला मान्यता हवी. ती नसेल तर इंटर्नशिप, परवाना आणि सरकारी रुग्णालयातल्या नोकऱ्या, तिन्हीकडे अडतं. मास्टर्सच्या मान्यतेत एपीए अलीकडेच उतरली आहे. समुपदेशनाच्या मास्टर्सना जास्त करून सीएसीआरईपी ही संस्था मान्यता देते आणि काही राज्यं परवान्यासाठी तीच मागतात.

एपीए-मान्य प्रत्येक डॉक्टरेट अभ्यासक्रमाला आपल्या संकेतस्थळावर एक तक्ता ठेवावाच लागतो. त्यात किती अर्ज आले, किती जणांना जागा दिली, किती आले, सरासरी गुण, फी, किती वर्षं लागली, किती जण मध्येच सोडून गेले, कितींना मान्यताप्राप्त इंटर्नशिप मिळाली, कितींना परवाना मिळाला, हे सगळं असतं. लक्ष्य सायडी असेल तर हा तक्ता ओळीओळीने वाचा. गळती आणि इंटर्नशिपचे रकाने संस्थेच्या माहितीपुस्तिकेपेक्षा जास्त बोलतात.

मास्टर्सला असा सक्तीचा तक्ता सहसा नसतो, म्हणून प्रवेश कार्यालयाला ई-मेलने विचारा. गेल्या तीन वर्षांत किती विद्यार्थ्यांनी पीएचडीला अर्ज केला? किती लागले आणि कुठे? प्रबंध सक्तीचा आहे, ऐच्छिक आहे की नाहीच? पूर्णवेळ प्राध्यापक किती, आणि त्यातल्या किती जणांची लॅब चालू आहे? मास्टर्सच्या विद्यार्थ्याला पहिल्या सत्रापासून लॅबमध्ये घेतात का? फीमध्ये सूट देणारी सहायकाची कामं मिळतात का? ‘आमचे विद्यार्थी देशभरातल्या उत्तम विद्यापीठांत जातात’ असं आलं तर ते उत्तर नव्हे. आकडा पुन्हा मागा. तो मिळाला नाही तर तेच उत्तर समजा.

याहून खात्रीची एक तपासणी घरबसल्या होते. तुम्हाला आवडलेल्या १५ पीएचडी लॅबची संकेतस्थळं उघडा आणि सध्याच्या विद्यार्थ्यांचे परिचय वाचा. आधी कुठे शिकले, कुठे काम केलं, हे त्यात असतं. तुम्ही विचार करत असलेल्या प्रोफेशनल स्कूलचं नाव त्यात किती वेळा येतं ते मोजा. बहुतेक परिचयांत एखाद्या वैद्यकीय केंद्रात दोन वर्षं संशोधन समन्वयक म्हणून काम केल्याचा उल्लेख सापडेल.

संस्थेचं आर्थिक आरोग्यही बघा. आर्गोसी ही मानसशास्त्राच्या अनेक शाखा चालवणारी मोठी संस्था होती. अमेरिकेच्या केंद्र सरकारची विद्यार्थी-मदत थांबल्यावर मार्च २०१९ मध्ये ती सत्राच्या मध्यात बंद पडली आणि विद्यार्थी अर्धवट पदवी घेऊन उघड्यावर आले. मालकी वारंवार बदलणारी, शाखा भराभर उघडणारी आणि बंद करणारी संस्था टाळलेली बरी.

पायरी ५: पर्याय मांडा

पीएचडीच हवी असेल तर संशोधनप्रधान, प्रबंध सक्तीचं असलेलं मास्टर्स शोधा. वेक फॉरेस्ट, विल्यम अँड मेरी, व्हिलानोव्हा इथले मास्टर्स अभ्यासक्रम याच कामासाठी ओळखले जातात. तुकड्या लहान असतात आणि अनेक विद्यार्थ्यांना फीमध्ये सूट किंवा सहायकाचं काम मिळतं. प्रवेश सोपा नाही, पण पुढचा उपयोग कितीतरी जास्त.

दुसरा पर्याय पगारी संशोधन सहायकाच्या नोकरीचा. अमेरिकन विद्यार्थ्यांसाठी हाच उत्तम मार्ग आहे. भारतीयांना कामाचा परवाना लागतो, त्यामुळे पदवी भारतातली असेल तर तिथे अशी नोकरी मिळणं कठीण, आणि एनआयएच या अमेरिकी सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेची पदवीनंतरची प्रशिक्षणवृत्ती फक्त नागरिक आणि ग्रीनकार्डधारकांनाच मिळते. पण संशोधन भारतातही करता येतं. बंगळुरूचं निमहान्स किंवा मुंबईचं टिस इथल्या प्रकल्पांत प्रोजेक्ट असिस्टंटच्या जागा निघत असतात. आंतरराष्ट्रीय अनुदानावर चालणाऱ्या प्रकल्पात दीड-दोन वर्षं काम, परिषदेत मांडलेलं एक संशोधन-पोस्टर, एखाद्या निबंधात सहलेखक म्हणून नाव आणि मुख्य संशोधकाचं मनापासून लिहिलेलं पत्र, हे सारं तिथल्या प्रोफेशनल स्कूलच्या मास्टर्सपेक्षा पीएचडीच्या अर्जात जड भरतं. आणि कर्जही होत नाही. आमच्या मते भारतात एमए झालेल्यांनी सगळ्यात आधी याच पर्यायाचा विचार करावा.

पायरी ६: प्रवेश घेतलाच असेल, तर वेळ असा वापरा

दोन वर्षांच्या मास्टर्सचं गणित फसवं असतं. पीएचडीच्या अर्जाची मुदत बहुतेक ठिकाणी १ डिसेंबरच्या आसपास असते. पदवी संपताच पुढे जायचं तर दुसऱ्या वर्षाच्या नोव्हेंबरात अर्ज तयार हवा. म्हणजे दाखवायला हातात फक्त दोन सत्रं आणि एक उन्हाळा. एका वर्षाचं मास्टर्स असेल तर पोहोचल्यावर तीनच महिन्यांत अर्ज भरावा लागतो. तेव्हा दाखवायला काहीच नसतं, म्हणून एक वर्ष थांबूनच अर्ज करा.

पहिलं सत्र, ऑगस्ट-सप्टेंबर: दुसऱ्या आठवड्याच्या आत लॅब शोधा. तुमच्या संस्थेत नसेल तर त्याच शहरातल्या मोठ्या विद्यापीठात किंवा वैद्यकीय केंद्रात विचारा. ई-मेल १५० शब्दांच्या आत ठेवा: त्यांचा कोणता अलीकडचा निबंध वाचला, तुम्हाला कोणतं सॉफ्टवेअर येतं, आठवड्याला किती तास देऊ शकता. आठवड्याला ८ ते १० तास आणि किमान एक वर्ष, एवढं वचन दिलं तरच काम शिकवण्यात त्यांना रस वाटतो. संस्थेबाहेर काही करण्याआधी, बिनपगारी असलं तरी, आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाची लेखी संमती घ्या. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर इथे चूक झाली तर ती दुरुस्त होत नाही.

दुसरं सत्र: प्रबंधाचा विषय ठरवा, कॅपस्टोनऐवजी प्रबंध घ्यायची लेखी विनंती करा. नैतिक समितीच्या परवानगीला काही आठवड्यांपासून काही महिने लागतात. नवा विदा गोळा करायचा हट्ट धरून अनेकांचा प्रबंध अर्जाच्या वेळी अर्धवट असतो. लॅबमध्ये आधीच असलेल्या विदेवर विश्लेषण करायला मिळालं तर आनंदाने घ्या. संख्याशास्त्राचा वरचा एक पेपरही याच सत्रात बसवा.

उन्हाळा: परिषदेला पोस्टर पाठवा, पहिला मसुदा लिहा. जुलै ते सप्टेंबरमध्ये १० ते १५ प्राध्यापकांना विचारा, पुढच्या वर्षी विद्यार्थी घेणार आहात का. काहींनी संकेतस्थळावरच लिहिलेलं असतं, तिथे पुन्हा विचारू नका. नाही म्हणणाऱ्याच्या नावाने केलेला अर्ज वाया जातो, आणि अर्जाची फी प्रत्येकी साधारण ५० ते १०० डॉलर असते.

पायरी ७: अर्ज लिहिताना

तीन शिफारसपत्रांपैकी किमान दोन संशोधनातल्या माणसांची हवीत. ‘माझ्या वर्गात होती, ए मिळाला, मेहनती आहे’ असं पत्र नुकसान करतं, कारण वाचणाऱ्याला त्यात सांगण्यासारखं काही सापडत नाही. प्रॅक्टिकमच्या पर्यवेक्षकाचं पत्र सायडीला चांगलं चालतं, पीएचडीला फार तर तिसरं म्हणून.

उद्देशपत्रात स्वतःच्या किंवा घरातल्या मानसिक आजाराची कहाणी हा मुख्य आधार करू नका. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत निवड समित्यांच्या प्रमुखांनी अर्ज बुडवणाऱ्या गोष्टींत हीच गोष्ट सांगितली होती. सोबत होतं ‘मला फक्त लोकांना मदत करायची आहे’ अशा थाटाचं लेखन आणि अभ्यासक्रमाची माहिती नसणं. त्याऐवजी लिहा: कोणता प्रश्न सोडवायचा आहे, त्यावर आतापर्यंत काय केलं, याच लॅबमध्ये का. प्रोफेशनल स्कूलमधून येताना एक परिच्छेद जास्त लिहा. उपचाराच्या कामात कोणता प्रश्न दिसला आणि तो संशोधनाने तपासावासा का वाटला. हा दुवा नीट जोडला तर प्रॅक्टिकमचे तास ओझं न राहता तुमची बाजू घेतात.

जीआरई ही प्रवेशपरीक्षा अनेक ठिकाणी ऐच्छिक किंवा बंद आहे. जिथे ऐच्छिक आहे आणि पदवीचे गुण कमी आहेत, तिथे चांगला गुणांक पाठवल्याने मदत होते.

पायरी ८: पैसा आणि व्हिसा

मास्टर्स आणि सायडीच्या फी एकत्र मांडा, त्यावर राहण्याचा खर्च आणि भारतीय बँकेचं व्याज धरा. सुरुवातीला मिळणारा पगार कागदावर लिहून महिन्याचा हप्ता त्याच्याशेजारी ठेवा. हप्ता पगाराच्या तिसऱ्या हिश्श्यावर गेला तर तो मार्ग सोडा.

पदवीनंतर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर, १२ महिने काम करता येतं. संशोधन आणि प्रायोगिक मानसशास्त्राचे ४२.२७ ने सुरू होणारे सीआयपी क्रमांक (अभ्यासक्रमाचा सरकारी वर्गीकरण क्रमांक) स्टेम, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या, यादीत आहेत आणि त्यांना आणखी २४ महिने मिळतात. समुपदेशन किंवा क्लिनिकल मास्टर्सला बऱ्याचदा ही मुदतवाढ मिळत नाही. हा क्रमांक आय-२० वर छापलेला असतो, तो प्रवेश घेण्याआधीच विचारून घ्या. संशोधन सहायकाची दोन वर्षं मिळणार की एकच, हे त्यावर ठरतं. साध्या ओपीटीत क्षेत्रातलं बिनपगारी काम आठवड्याला किमान २० तास असेल तर चालतं, मात्र बेरोजगारीचे एकूण ९० दिवसच मिळतात. मुदतवाढीत काम पगारीच हवं. अर्ज पदवी संपण्याच्या ९० दिवस आधीपासून करता येतो, पहिल्याच आठवड्यात करा.

मुलाखती जानेवारी ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत होतात. आर्थिक मदतीसह आलेल्या जागेवर निर्णय द्यायला बहुतेक विद्यापीठं १५ एप्रिलपर्यंत वेळ देतात. त्याआधी दबाव आणून होकार मागणाऱ्या संस्थेला ही तारीख नम्रपणे दाखवा. प्रतीक्षायादीत असाल तर मार्चअखेर एक छोटा ई-मेल पाठवा, नवं पोस्टर किंवा स्वीकारलेला निबंध असेल तर कळवा. १५ एप्रिलच्या आदल्या दोन-तीन दिवसांत बऱ्याच जागा हलतात, तेव्हा फोन चालू ठेवा आणि ई-मेलची स्पॅम पेटीसुद्धा बघत राहा.